रिकाम्या पेट्यांविरुद्ध पत्रक

मला ही नोकरी माझ्याच पत्रकाने लावली. म्हणजे ज्यांच्या विरोधात मी पत्रक काढलं, त्यांनीच मला कामावर घेतलं. यात काहीतरी सेटिंग आहे असं भिसेगावातल्या माझ्या मित्रांना आजही वाटतं. सेटिंग नाही. माझी चौथी मागणी मान्य झाली, एवढंच.

झालं असं की कुंभिवलीला हायवेच्या कडेला खोके बनवणारी एक कंपनी बंद पडली होती. तिच्या शेडला कुणीतरी पांढरा रंग दिला, एसी बसवले आणि बाहेर बोर्ड लावला : ‘सामाईक फ्लो सायटोमेट्री सेवा केंद्र, कर्करोग संशोधनासाठी’. यातला ‘सामाईक’ हा शब्द मला नीट कळला, कारण तो सातबाऱ्यावर असतो. सातबाऱ्यावर सामाईक लिहिलेलं असलं की भांडण नक्की. बाकीच्यासाठी मी कुणाला विचारायला गेलो नाही. बोर्ड वाचला आणि पत्रक लिहिलं. मथळा : ‘कुंभिवलीच्या छाताडावर रक्ताचा कारखाना?’ यातलं प्रश्नचिन्ह महत्त्वाचं. प्रश्नचिन्ह असलं की तो आरोप राहत नाही, चिंता होते, आणि चिंतेवर कुणी खटला भरत नाही. खाली पाच मागण्या. मागण्या विषम ठेवाव्यात. सम असल्या की समोरचा निम्म्यावर तडजोड करतो. शेवटी ‘अन्यथा’. ‘अन्यथा’च्या पुढे काय लिहायचं ते छापखान्यात सुचलं तरी चालतं, पण ‘अन्यथा’ हवंच.

केंद्राच्या प्रमुख मॅडमनी मला बोलावून घेतलं. टेबलावर माझं पत्रक, त्यावर लाल पेनाच्या खुणा. मला वाटलं वकिलाने केल्या असतील. त्यांनीच केल्या होत्या.

“इथे रक्त बनत नाही, येतं,” त्या म्हणाल्या. “किरणोत्सर्ग नाही, लेसर आहे. मानवी अवयव नाहीत, पेशी आहेत. ‘कॅन्सरचे जंतू हवेत सोडण्याचा डाव’, हे वाक्य पूर्ण काढा, वाईट आहे. सांडपाण्याची मागणी बरोबर आहे, ती मी लेखी देते. चौथी काय होती?”

“स्थानिकांना नोकऱ्या.”

“एक आहे. नोंदणीच्या टेबलावर. शिक्षण?”

“बीए. राज्यशास्त्र.”

“चालेल. विज्ञान बघायला माणसं आहेत. मला भांडता येणारा एक हवाय.”

मी विचार करायला वेळ मागितला. लगेच हो म्हणणं आंदोलकाला शोभत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला हजर झालो.

विज्ञान बघायला होते भाईजान. यंत्र तेच चालवायचे. खालापूरचे. घरात सगळे टाइल्सच्या धंद्यात, हे एकटे लेसरच्या. चाळिशीचे, शांत, आणि टोमणा मारला तरी तो तुम्हाला घरी गेल्यावर लागायचा. यंत्र खोलीभर असेल अशी माझी कल्पना होती. निघालं आमच्या घरच्या शोकेसएवढं. समोर दोन मॉनिटर आणि बाजूला पाण्याचे कॅन.

“माणसाच्या रक्तातल्या नाहीतर हाडाच्या मगजातल्या पेशी इथे येतात,” भाईजान सांगायला लागले. “त्यांना चमकणारे रंग चिकटवलेले असतात. कॅन्सरची पेशी एक रंग धरते, चांगली दुसरा. मग केसासारख्या बारीक धारेतून त्यांना एकामागे एक सोडायचं. लेसरसमोरून एकेक जाते, चमकते, मशीन तिची नोंद घेतं. सेकंदाला हजारो.”

“धक्काबुक्की?”

“नाही होत. एकीच्या पुढे दुसरी घुसत नाही.”

“म्हणजे पेशींना रांग कळते.”

“पेशींना कळते,” भाईजान काचेतून बाहेरच्या बाकाकडे बघत म्हणाले.

त्या बाकामुळेच पुढचं सगळं झालं, म्हणून तो नीट सांगतो. असलं यंत्र फार महाग. लहान कॉलेजला, तालुक्याच्या इस्पितळाला ते परवडत नाही. म्हणून एकच घ्यायचं, मुंबई आणि पुण्याच्या मधोमध ठेवायचं आणि सगळ्यांनी पाळीपाळीने वापरायचं. कल्पना उत्तम. माझ्या कुठल्याही पत्रकात शोभली असती. कंप्युटरवर वेळ नोंदवायची पद्धतही होती. पण कुणाची गाडी घाटात अडकते, कुणाचा नमुना इस्पितळातूनच उशिरा निघतो, आणि नोंदवलेल्या वेळा दहा वाजेपर्यंत कोलमडतात. मग लोकांनी आपणहून एक रीत पाडली. ज्या थर्माकोलच्या पेटीतून नमुने आणायचे, ती यंत्राच्या खोलीबाहेरच्या बाकावर ठेवायची. पेट्यांची ओळ तीच माणसांची ओळ. रेशनच्या दुकानासमोर चपला ठेवतात, तसं. मोठमोठे पीएचडी झालेले लोक, चपलेच्या जागी पेटी, एवढाच फरक.

आणि जिथे चपला ठेवता येतात, तिथे जास्तीच्या चपला ठेवणारा निघतोच. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेचा गट होता. त्यांचा ड्रायव्हर सकाळी आठला येऊन बाकावर पाच पेट्या मांडायचा आणि मिसळ खायला हायवेवर जायचा. शास्त्रज्ञ उगवायचे दुपारी दोनला. मधल्या वेळात यंत्र मोकळं, बाक भरलेला. लहान कॉलेजांतून आलेली पोरं भिंतीला टेकून बसलेली. “सरांची पेटी आहे ना पुढे,” असं एकमेकांना समजावून सांगायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कॅन्सरवर संशोधन चाललंय आणि इथे सरंजामशाही.

तक्रार मॅडमकडे नेली. त्या म्हणाल्या, “मग नियम करा. त्यासाठीच घेतलंय तुम्हाला.”

नियम मला आयता ठाऊक होता. माझा चुलता कालव्यावर पाटकरी होता. उन्हाळी भाताला पाणी सोडायचं, कुणाच्या शेतात किती वेळ ते बघायचं, हे त्याचं काम. त्याचा कायदा एका ओळीचा होता : पाण्याजवळ माणूस नाय, तर पाळी नाय. बांधावर फावडं रोवून कुणी जेवायला गेला की चुलता फावडं उपटून बाजूला ठेवायचा आणि पाणी पुढच्याला द्यायचा. त्यावरून शिव्या खूप खाल्ल्या त्याने, पण शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचायचं.

मी रात्रभर नाही, चहा पिता पिता पत्रक लिहिलं. मथळा : ‘रिकाम्या पेट्यांचं राज्य किती दिवस?’ खाली नियम : ‘पेटीजवळ माणूस नसल्यास पेटी उचलून बाहेर ठेवली जाईल. अपवाद नाही.’ ‘अन्यथा’ लिहायला जागा उरली नाही, कारण उचलणं हेच अन्यथा होतं. सोमवारी भिंतीवर चिकटवलं. भाईजाननी चष्मा वर करून वाचलं.

“‘अपवाद नाही’ कशाला?”

“अपवाद ठेवला की मोठे लोक त्यातूनच घुसतात, भाईजान.”

“बरं,” ते म्हणाले. “मशीनला पण रोज सकाळी आधी ठरलेल्या मापाचे मणी सोडून बघतो मी, बरोबर मोजतं का. मग माणसाचं सोडतो. तुमचा नियम कशावर तपासला?”

मी म्हटलं, कालव्यावर.

आता ताई. ताई पुण्याच्या एका कॉलेजात पीएचडी करत होती. मूळची फलटणकडची, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी, तरी मला दादा म्हणायची. रक्ताच्या कॅन्सरवर तिचं काम. वीस रुग्णांचे नमुने हवे होते, एकोणीस झाले होते. दर वेळी एसटीने खोपोली, तिथून सहा आसनी रिक्षाने कुंभिवली, पेटी मांडीवर. विसावा नमुना मिळायला तिला चार महिने लागले. कारण तिला नमुना हवा उपचार सुरू व्हायच्या आधीचा. एकदा औषध सुरू झालं की पेशींचं चित्र बदलतं, मग तोच नमुना पुन्हा काढता येत नाही. इस्पितळात तपासणीसाठी हाडातून मगज काढतात, त्यातला थोडा भाग रुग्णाच्या सहीने तिला मिळायचा. बुधवारी सकाळी पुण्यात एका बाईचा नमुना मिळाला. गुरुवारपासून त्या बाईचं औषध सुरू होणार होतं. पेशी जिवंत असताना संध्याकाळच्या आत यंत्रात गेल्या तर ताईचे वीस पूर्ण. नाही गेल्या तर पुन्हा किती महिने, कुणास ठाऊक. हे सगळं तिने मला सकाळी फोनवर सांगितलं होतं. मी म्हणालो, या तुम्ही, मी आहे.

मी नव्हतो. म्हणजे माझ्या टेबलाजवळ नव्हतो. ताई साडेदहाला आली तेव्हा मी मागच्या खोलीत नियमाच्या आणखी प्रती काढत होतो. आलेला नमुना सही करून ताब्यात घेणं, हे माझं खरं काम. टेबलावर कुणी नाही म्हणून ताईने पेटी बाकावर ठेवली आणि एसटीच्या धुळीने भरलेलं तोंड धुवायला गेली. मे महिना होता, माणूस तोंड धुणारच.

दोनच मिनिटांनी मी प्रती घेऊन बाहेर आलो. बाकावर सहा पेट्या, माणूस एक नाही. भिंतीवर माझा नियम, नियमाखाली पेट्यांची ओळ, अगदी छातीठोकपणे. मी पहिली उघडली. रिकामी. बर्फसुद्धा नाही. दुसरीत शिळा पेपर. तिसरीत ड्रायव्हरचा जेवणाचा डबा. कर्करोग संशोधनाच्या यंत्रासमोर रांगेत डबा उभा. त्यानंतर मला काही उघडायची इच्छा राहिली नाही. पुराव्याची गरज संपली होती. दोन फेऱ्यांत मी सहाच्या सहा पेट्या उचलल्या, बाहेर पोर्चमध्ये नेऊन ठेवल्या, आणि आत येऊन रजिस्टरमध्ये ‘कारवाई केली’ असं लिहिलं. इतकं समाधान मला निवडणुकीतसुद्धा मिळालं नव्हतं. त्यानंतर मी पंधरा मिनिटं मॅडमच्या केबिनमध्ये उभा राहून त्यांना ती कारवाई रंगवून सांगत होतो.

बाहेर आलो तर ताई माझी वाट बघत बाकासमोर उभी. ओला रुमाल हातात.

“दादा, माझी पेटी आत घेतलीत ना?”

तेव्हा मला आठवलं की सहाव्या पेटीवर संस्थेचं स्टिकर नव्हतं.

मी पोर्चमध्ये धावलो. पोर्च स्वच्छ. वॉचमन काका खुर्चीत बसून तंबाखू मळत होते.

“काका, पेट्या?”

“गेल्या.”

“कुठे गेल्या?”

“मावशी घेऊन गेली. आज बुधवार हाय ना.”

हे मला समजायला थोडा वेळ लागला. रंगांच्या बाटल्या ज्या नव्या पेट्यांतून केंद्रात येतात, त्या रिकाम्या झाल्यावर पोर्चमध्ये ठेवायच्या आणि बुधवार-शनिवारी नाक्यावरच्या मासळीवाल्या मावशीने न्यायच्या, हा कंपनीच्या जमान्यापासूनचा रिवाज. कंपनी गेली, खोक्यांच्या जागी थर्माकोल आला, रिवाज राहिला. मावशीला मासळीच्या बर्फासाठी पेट्या लागतातच.

“तुम्ही बघायचं तरी, काय आहे आत,” मी काकांवर ओरडलो.

“मी कशाला बघू? पोर्चमदी ठेवलं म्हंजे टाकलं. ठेवल्या कुनी? तुमीच ना?” काकांनी चुना झटकला. “आनि आज मोठ्या मनानं सा ठेवल्या. मावशी तुमचं नाव घेत गेली.”

ताईने हे सगळं ऐकलं होतं. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “किती लांब आहे नाका?”

स्कूटरवर आम्ही दोघं निघालो. कुंभिवलीचा नाका सरळ रस्त्याने पाच मिनिटांवर, पण हायवेवर एक कंटेनर आडवा झाला होता. मी सर्व्हिस रोडने घातली, मग उलट्या बाजूने घातली. आयुष्यभर उलट्या बाजूने येणाऱ्यांवर पत्रकं लिहिली मी. मागून ताई दर थोड्या वेळाने काहीतरी बोलत होती. मला वाटलं मला शिव्या देतेय. ती आकडे मोजत होती : किती वाजता काढला, किती वाजता उन्हात आला, थर्माकोल किती वेळ तग धरेल.

मावशी निळ्या ताडपत्रीखाली बसली होती, समोर बांगडे आणि मांदेली. मागे कंपाउंडच्या भिंतीवर पाच पेट्या उन्हात वाळत घातलेल्या. धुतलेल्या. सहावीसुद्धा अशीच धुतली गेली असेल, असं मी समजलो. ताई मात्र नीट बोलली.

“मावशी, यातल्या एका पेटीत काचेच्या दोन नळ्या होत्या. झाकण लावलेल्या. पिशवीत.”

“व्हत्या ना,” मावशी म्हणाली. “लाल पानी. औषध हाय का गं ते?”

“कुठे आहेत?”

“जातील कुटं? हायत की.” मावशीने बर्फाची दुसरी, तिची स्वतःची पेटी ओढली. त्यात मासळी नव्हती, फक्त बर्फ. बर्फात एक स्टीलचं भांडं, भांड्यात सुती फडक्याची जाड गुंडाळी. ती तिने उलगडली. पिशवी तशीच बंद, नळ्या तशाच.

“पेटी तुमी गरम व्हऊन दिली,” ती मला म्हणाली. “आतला बरफ पार पानी. नवी पेटी धुवाया घेतली नि बघते तर ह्ये. फेकून कशी देनार? कुनी तरी सांभालूनच पाठवलं असंल.”

“फडक्यात का गुंडाळलंत?” ताईने विचारलं. ती नळी उन्हाकडे धरून बघत होती.

“मंग? बरफाला उगडं टेकवलं का मांस करपतं. बाहेरून ताजं दिसतं, आतून जातं. आमचं कामच हाय ते, पोरी.”

ताई माझ्याकडे वळली. “आमच्या लॅबमध्ये पहिल्या वर्षी हेच चुकतात सगळे,” ती म्हणाली. “बर्फात थेट खुपसतात.” मग तिने मावशीला साबणाने हात धुवायला लावले, भांडं आणि फडकं पिशवीत घातलं, आणि मला भिंतीवरच्या पाचही पेट्या परत घ्यायला सांगितल्या, कारण त्यांतून आधी काय काय आलं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. ताईची सहावीही त्यांच्यामागेच पालथी ठेवलेली सापडली. मावशी नाराज झाली. “देऊन परत नेता व्हय रं?” म्हणाली.

“नव्या देतो, मावशी. आणि यात एक डबा होता...”

“भेंडी व्हती. खाल्ली मी.” तिला अजिबात लाज वाटली नाही. “रोज मासली खाऊन तोंड मेलेलं. डबा घासलाय, घेऊन जा.”

स्कूटरवर दोन माणसं, सहा पेट्या आणि एक रिकामा डबा घेऊन आम्ही केंद्रात परतलो तेव्हा सव्वाबारा झाले होते, आणि त्या दिवशी नेमके मुंबईच्या त्या गटाचे मोठे डॉक्टर वेळेआधी आले होते. स्वतः. मागे ड्रायव्हर. डॉक्टरांच्या हातात चामड्याची बॅग, त्यात त्यांचे नमुने. म्हणजे त्या पाच पेट्यांत कधीच काही येत नव्हतं, हे त्यांनी स्वतःच्या हाताने सिद्ध केलं होतं. एरवी मी हा क्षण सोडला नसता.

“आमच्या पेट्या मासळीच्या बाजारात गेल्या असं वॉचमन सांगतोय,” डॉक्टर म्हणाले. “मी हे वर कळवणार आहे.”

“कळवा, सर.”

“आणि माझा डबा?” ड्रायव्हरने विचारलं. मी डबा दिला. त्याने उघडून बघितला आणि इतका दुःखी झाला की मला पहिल्यांदाच त्याची दया आली.

यंत्राची खोली उघडी होती. डॉक्टरांची पाळी लागलेली, भाईजान त्यांची पहिली नळी हातात घेऊन उभे. डॉक्टरांच्या एकंदर चौदा नळ्या. चौदा म्हणजे संध्याकाळ. माझ्याच नियमाप्रमाणे पेटीजवळ माणूस नव्हता, तेव्हा ताईची पाळी गेली होती आणि डॉक्टर जातीने हजर होते. अपवाद नाही. भिंतीवरून तो शब्द माझ्याकडे बघत होता. डॉक्टरांनीही वाचला होता.

“नियम तुमचाच आहे ना?” ते म्हणाले. “मला आवडला.”

मला मागणी करता येते, निषेध करता येतो, घेराव घालता येतो. विनंती कशी करतात ते कधी शिकलो नव्हतो. आणि मग वर्षभर भाईजानच्या शेजारी बसून कानावर पडलेली एक गोष्ट आठवली.

“सर, तुमच्या पेशी जिवंत आहेत का?”

“म्हणजे?”

“म्हणजे जिवंत, का औषधात घालून थांबवलेल्या?”

डॉक्टरांनी बॅगेकडे पाहिलं. “थांबवलेल्या. गेल्या आठवड्यातल्या आहेत.”

“त्या किती टिकतात?”

उत्तर भाईजाननी दिलं. “उद्यापर्यंत आरामात. परवाही चालतील.” हातातली नळी त्यांनी डॉक्टरांची परवानगी न विचारता स्टँडमध्ये परत ठेवली.

“ताईंच्या जिवंत आहेत, सर,” मी म्हणालो. “संध्याकाळी मरतील. ज्या बाईच्या आहेत तिचं उद्या औषध सुरू होतंय, त्यामुळे परत मिळणार नाहीत. चूक माझी आहे, त्यांची नाही. तुम्ही थांबाल का?”

डॉक्टर चांगले होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी घड्याळ बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या, ‘व्यवस्थापन’ हा शब्द तीनदा वापरला. पण त्यांनाही एक गोष्ट कळत होती, जी माझ्या पत्रकाला कळली नव्हती. “जिवंत असेल तर आधी ते घ्या,” ते म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले. त्या बाकावर माणूस बसलेला मी प्रथमच पाहिला.

पेशींना रंग लावून, गाळून, तयार करायला ताईला दीड तास लागला. मग भाईजाननी नळी लावली. मॉनिटरवर ठिपके उमटायला लागले, आधी विरळ, मग ढगासारखे. मेलेली पेशी एक वेगळा रंग पिते, त्यामुळे किती मेल्या ते आधीच कळतं. शंभरातल्या सत्तर तरी जिवंत हव्या होत्या. ताईने मॉनिटरकडे पाठ केली होती.

“चौऱ्याऐंशी,” भाईजान म्हणाले. “तुमच्या मागच्या वेळच्या नमुन्यापेक्षा जास्त आहेत, बेटा.”

मला वाटलं, संपलं. पेढे सांगायला मी उठलोसुद्धा. ताईने बॅगेतून एक कागद काढला. नमुना कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला, किती वेळ, कशा अवस्थेत, याचा ताबा-तक्ता. प्रत्येकाची सही. पहिल्या ओळीत इस्पितळ, दुसऱ्या ओळीत ती. तिसऱ्या ओळीवर तिने पेन ठेवलं.

“ताई,” मी म्हणालो, “तिसऱ्या ओळीत माझंच लिहा. साडेदहाला मी घेतला. सही करतो.”

“तुम्ही घेतला नव्हता, दादा.”

“पण पेशी चांगल्या निघाल्या ना? मग कशाला मासळीबाजार कागदावर आणायचा? तुमचे गाइड बघतील, नमुना बाद करतील. वीसचे एकोणीस होतील.”

“करतील कदाचित.”

“मग?”

“मग बाद होईल. पण या ओळीत खोटं लिहिलं तर बाकीचे एकोणीस मी कुणाला दाखवू?”

‘माहिती दडवू नका’ या विषयावर माझी स्वतःची तीन पत्रकं आहेत. भाईजान यंत्र धुवायला लागले होते आणि मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हते. मॅडमना सांगितलं, त्या म्हणाल्या, “मासळीवालीची सही आणा. आणि तुमच्या ‘अपवाद नाही’वर मी लाल पेन मारलंय.”

पुन्हा स्कूटर, पुन्हा नाका. मावशी उरलेल्या मांदेलींवर पाणी मारत होती. कागद आणि पेन बघितल्याबरोबर तिने हात मागे घेतले.

“सही नाय करनार.”

“जमिनीचं नाही, मावशी.”

“समदे तेच बोलतात. माज्या दिराला बोलले व्हते, सह्या फक्त रस्त्यासाटी हायत. आता तितं फारमाउस हाय. वाचून दाव आधी. आख्खा.”

मग मी फुटपाथवर बसून ताबा-तक्ता मोठ्याने वाचला, मथळ्यापासून. गिऱ्हाइकं आली, ती पण ऐकत उभी राहिली. ‘रुग्ण क्रमांक’पाशी मावशीने थांबवलं.

“नाव नाय का?”

“नाव सांगता येत नाही,” ताई म्हणाली. “बाई आहे एक. तुमच्याच वयाची.”

“बरी व्हईल का यानं?”

ताईला खोटं बोलता आलं असतं, सोपं होतं. “यानं नाही,” ती म्हणाली. “तिला उद्या वेगळं औषध सुरू होतंय. हे नंतर ज्यांना होईल त्यांच्यासाठी आहे. तिला माहीत आहे ते. तिनेच दिलं.”

मावशीने पदराला हात पुसले, मग ते पुरेसे वाटले नाहीत म्हणून धुतले, पुन्हा पुसले, आणि एकेक अक्षर काढत सही केली. ‘पद’ या रकान्यात काय लिहायचं म्हणून मी ‘तात्पुरत्या नमुना-संरक्षक’ असं सुचवलं.

“मासलीवाली लिव,” मावशी म्हणाली. “आनि खाली लिव, भांडं नि फडकं परत द्याचं हाय.”

ताईने दोन्ही लिहिलं.

मी भिंतीवरचं पत्रक त्याच संध्याकाळी काढलं. तिथे आता एक कागद आहे, मथळा नाही, मागण्या नाहीत : ‘जिवंत नमुना आधी. बाकी पाळीने. आलेला नमुना टेबलावरच्या माणसाने लगेच ताब्यात घ्यावा.’ टेबलावरचा माणूस म्हणजे मी. पेट्यांना बाकावर बंदी आहे, बाक बसायला आहे.

तीन आठवड्यांनी टेबलावरचा फोन वाजला. ताईचे गाइड. आवाज कडक, वयस्कर. ताबा-तक्त्यातली तिसरी ओळ ते वाचत होते, एकेक शब्द तोलून. पंच्याऐंशी मिनिटं, मासळी विक्रेत्या, बर्फ, स्टीलचं भांडं, सुती फडकं. मी उत्तरं पाठ करून ठेवली होती, माफीसकट. माफीची त्यांनी वेळच येऊ दिली नाही. बर्फ साधा होता का मीठ घातलेला, एवढंच विचारलं. मीठ घातलं की बर्फ जास्त थंड होतो, पेशी गोठल्या असत्या.

मी म्हटलं, थांबा सर, विचारून येतो.

स्कूटरने गेलो, विचारलं, आलो. पंधरा मिनिटं ते फोन धरून होते.

“साधा होता, सर. मीठ फक्त सुकवायच्या मासळीला, म्हणाल्या.”

पलीकडे पेनाचा आवाज आला. “ठीक,” ते म्हणाले. “वीस धरतो.”